येताना आपापली हाडं घेऊन या

श्रीगोंद्याहून सोमवारी फोन येणार होता. आता गुरुवार उजाडला होता आणि विष्णुपंत मुळ्यांनी सकाळपासून अंगण ते फ्रिज अशा चाळीसेक फेऱ्या मारल्या होत्या. फ्रिजवर त्यांचा मोबाईल चार्जिंगला लावलेला असे. एरवी दिवाळी संपून तुळशीची लग्नं जवळ आली की शेवगावात गुरुजींच्या फोनला उसंत नसायची. या वर्षी फोन वाजत होता, पण त्यातून माणूस काही बाहेर येत नव्हता.

मामला लेकीच्या लग्नाचा होता. रविवारी रंगनाथराव पाठक, त्यांच्या पत्नी पुष्पावतीबाई आणि मुलगा सुश्रुत असे तिघं येऊन गेले होते. मनवा आणि सुश्रुत दोघंही पुण्यात नोकरीला, त्यांची मनं जुळलेली. पण रंगनाथराव साखर कारखान्यात तीस वर्षं टाइमकीपर होते. त्यांनी निघताना हात जोडून सांगितलं होतं, "सोमवारी सकाळी मी स्वतः फोन करून काय ते कळवतो. मुलांनी मध्ये बोलायचं नाही."

सोमवारी सकाळी त्यांचा फोन आला, हे खरं. विष्णुपंत अंगणातून धावत फ्रिजपाशी पोचले, "हॅलो" म्हणाले, आणि तेवढ्यात फोन कट झाला. पाच मिनिटांनी पुन्हा आला, पुन्हा कट झाला. मंगळवारी एकदा आला. त्यानंतर श्रीगोंदा एकदम गप्प.

"मी करतो फोन," विष्णुपंत तेव्हापासून म्हणत होते.

"मुळीच नाही," सरोजिनीबाई तेव्हापासून सांगत होत्या. एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि त्यांचं 'नाही' वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचत असे. "आपण मुलीकडचे. उतावळे दिसायला नको."

"दिसायला नको, पण मी आहे त्याचं काय?"

बाकीचे फोनही विचित्रच. कुणी "हॅलो" ऐकून किंचाळलं. कुणी नुसताच श्वास घेतला. बुधवारी एकानं "राम राम राम" म्हणून फोन ठेवून दिला. विष्णुपंतांनी सवयीनं उलट राम राम घातला होता. नंतर बराच वेळ त्यांना तो तिसरा राम जास्तीचा वाटत राहिला.

गुरुवारी दहाच्या सुमारास फाटकाशी लंकाबाई येऊन उभी राहिली. गावाबाहेरच्या वस्तीवरची. तिच्या घरातली सगळी शुभकार्यं विष्णुपंतांच्याच हातची. एरवी ती थेट ओट्यावर येऊन बसायची. आज फाटकाबाहेर थांबून ती गुरुजींच्या पायांकडे टक लावून बघत होती.

"गुरुजी, जरा चालून दाखवा बरं."

"अगं, सकाळपासून तेच करतोय. काय झालं?"

"पाय सरळ हायेत," लंकाबाई स्वतःशीच म्हणाली आणि आत आली. "बरं हाय ना तुमचं? न्हाई, आमची टोळी निघायचीय ऊसतोडीला. टेम्पोला नारळ फोडायचा, चांगला दिस इचारावा म्हनून म्या मंगळवारी तुमाला फोन लावला. तर आधी दार वाजलं. कर्रर्र. म्हनलं, गुरुजी उठले दार उघडायला. मंग साखळी वाजली. म्हनलं, कडी काढत्यात. अन् मंग बाप्या हासला."

"मी हसलो?"

"तुमी न्हाई वो. तुमी कवा हासता? दुसराच कुनीतरी. लई खोल आवाज. हिरीत बसून बोलल्यावानी."

"लंका, तू कुणाचा तरी भलताच नंबर लावलास."

"भलता कसा? ह्ये बघा." तिनं कमरेचा मोबाईल काढला, नंबर लावला आणि स्पीकर सुरू करून ओट्यावर ठेवला.

आत फ्रिजवर विष्णुपंतांचा फोन नेहमीसारखा साधासुधा वाजू लागला. बाहेर ओट्यावर मात्र एक अवजड दार करकरलं. साखळ्या फरफटल्या. कुठलासा पक्षी घुमला. मग सर्दी झालेल्या माणसाच्या आवाजात कुणीतरी तीन टप्प्यांत हसलं आणि ढोलताशाच्या तालावर इंग्रजीत गायला लागलं. मागे चार-पाच बायका "ऊऽऽ ऊऽऽ" करत होत्या.

विष्णुपंत ओट्यावरून उठून उभे राहिले. सरोजिनीबाई हातात झारा घेऊन बाहेर आल्या.

"हे काय लावलंय?"

"हा माझा फोन आहे," विष्णुपंत खोल गेलेल्या आवाजात म्हणाले.

"तुमची कॉलर ट्यून आहे ही! अहो, तुम्हाला फोन करणाऱ्याला हे ऐकू जातं. तुम्हाला कधीच कळणार नाही." सरोजिनीबाईंनी झारा खाली ठेवला. "लंका, परत लाव. मला शब्द कळू देत."

लंकाबाईनं पुन्हा नंबर लावला. सरोजिनीबाई डोळे मिटून, मान कलती करून ऐकू लागल्या. पूर्वी पोरांचं पाठांतर अशाच ऐकायच्या.

"गमतीचं गाणं आहे. भुताचं," त्या म्हणाल्या. "तिकडे ऑक्टोबरअखेर भुतांचा सण असतो, त्या दिवशीचं दिसतंय. एक भूत आहे, त्यानं स्मशानात नाच ठेवलाय आणि ते सगळ्यांना बोलावतंय. म्हणतंय, 'या, या, सगळ्यांनी या. येताना आपापली हाडं घेऊन या.'"

"आगं बाई," लंकाबाई म्हणाली.

"'मागच्या वर्षी कुणाचा तरी गुडघा राहिलाय, ज्याचा असेल त्यानं ओळख पटवून घेऊन जावा.'"

"आणि त्या मागच्या बायका काय म्हणतात?" विष्णुपंतांनी विचारलं.

"त्या नुसत्याच ऊ म्हणतात. त्याला अर्थ नाही. एका ठिकाणी व्याकरण चुकलंय, पण यमकं बरी जुळवलीत."

विष्णुपंत जरा शांत झाल्यासारखे दिसले. "म्हणजे आमंत्रणच आहे. भुतांना का होईना, अगत्यानं बोलावतोय बिचारा."

तेवढ्यात गाणं मध्येच थांबलं आणि एका बाईचा गोड मराठी आवाज आला, 'हे गाणं आपल्या फोनवर हवं असल्यास स्टार दाबा.'

"ह्याच बाईनं घोळ घातला," लंकाबाई उसळून म्हणाली. "मला वाटलं, स्टार दाबला म्हंजी जातंय. दाबला. तवापासून मला ज्यो फोन करील त्याला त्योच बाप्या. जावयानं फोन केला, त्यानं घाबरून दाबला. जावयाच्या मुकादमानं दाबला. निम्मी टोळी दाबून बसलीय. टेम्पोवाल्या सहादेवाला फोन करून बघा, त्येच्या फोनावर बी त्येच."

"सोमवारी," सरोजिनीबाई एकदम म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "रंगनाथरावांनी सोमवारी दोनदा ऐकलं हे. मंगळवारी तिसऱ्यांदा."

विष्णुपंत मट्कन ओट्यावर बसले. मुलीच्या बापाला होकार कळवायला मनुष्य फोन करतो आणि पलीकडून भूत त्याला हाडं घेऊन नाचायला बोलावतं. एकदा नाही, तीनदा. आणि इकडे आपण उतावळे दिसू नये म्हणून चार दिवस गप्प.

"त्यांना वाटलं असेल, आपण थट्टा मांडलीय," ते म्हणाले. "नाहीतर या घराला काहीतरी आहे, असं."

"आमाला बी तसंच वाटलं," लंकाबाईनं दिलासा दिला. "पर आमी तुमाला सोडलं का? म्या आले ना बघायला."

लंकाबाईला तुळशीचं लग्न उरकून दुसऱ्या दिवशी निघायला सांगून विष्णुपंतांनी पायात चपला सरकवल्या आणि बाजारपेठेतलं गोरक्षनाथचं मोबाईलचं दुकान गाठलं. वाटेत दोघांनी त्यांना बघून रस्ता ओलांडला. एरवी हे लक्षात आलं नसतं. आज प्रत्येक ओलांडलेला रस्ता त्यांना मोजावासा वाटला.

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. सात-आठ माणसं हातात फोन घेऊन एकाच वेळी बोलत होती.

"गोरक्ष, माझ्या सासऱ्याला झटका आला असता!"

"आरं, मी बँकेच्या साहेबाला मिस्कॉल दिला, त्यांनी उलट फोन केला, आन् त्यांना ह्ये ऐकू गेलं!"

"सकाळपास्नं ह्ये अकरावं गिऱ्हाईक," गोरक्षनाथ घाम पुसत म्हणाला. "लांबून लांबून येत्यात. कुटनं सुरू झालंय काय कळंना. या गुरुजी, बरं झालं तुमी आले. आता तुमीच काय तरी करा."

"मी?"

"शांती घाला एखादी," सासरेवाला म्हणाला. "सगळ्या गावाच्या फोनांची. आमी सगळे मिळून करू. तुमी फक्त यादी सांगा, काय काय आनायचं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. चाळीस वर्षं या बाजारात त्यांचा शब्द चालत आला होता. नुसतं 'बरं' म्हटलं असतं तर अब्रूही राहिली असती आणि नारळांची रास घरी आली असती. दारात उभ्या उभ्या त्यांनी एकदा चप्पल काढली, पुन्हा घातली.

"शांती नको," ते म्हणाले. "ते माझ्याकडून आलंय."

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"मागच्या आठवड्यात मी नैवेद्याला बसलो होतो. कंपनीच्या बाईचा फोन आला. काहीतरी 'लावण्यासाठी एक दाबा' म्हणाली. गॅसच्या सिलिंडरला आपण एकच दाबतो, म्हणून मी कोपरानं एक दाबला. हाताला तूप होतं. नंतर मला ज्यानं ज्यानं फोन केला आणि स्टार दाबला, त्याला त्याला लागलं. भूत नाही, भानामती नाही. नुसतं एक गमतीचं गाणं आहे. त्यात ते म्हणतंय, हाडं घेऊन या."

सासरेवाल्यानं तोंडाला रुमाल लावला. पण त्याचे खांदे हलू लागले, मग शेजारच्याचे, आणि पाहता पाहता सगळं दुकान हसायला लागलं. "गुरुजी आन् भुताचं गानं!" असं कुणीतरी म्हणालं आणि हसणारे रस्त्यावर गेले. विष्णुपंत मान खाली घालून उभे राहिले. लाज वाटत होती, पण आता लपवायला काही उरलं नव्हतं.

"आता बंद कर बाबा," ते गोरक्षला म्हणाले.

गोरक्षनाथनं त्यांच्या फोनवरून कंपनीला फोन लावला आणि भाषा मराठी निवडून फोन गुरुजींच्या कानाला लावला. कारण ग्राहकानं स्वतः बोलायचं असतं. पलीकडची बाई भराभर बोलत होती. 'ही सेवा वर्षभर चालू ठेवण्यासाठी...' इतकं ऐकून बाहेरच्या हसण्यात पुढचं बुडालं, आणि विष्णुपंतांनी घाईघाईनं एक दाबला.

'अभिनंदन,' बाई म्हणाली.

गोरक्षनाथनं डोक्याला हात लावला. "गुरुजी, आता पुढच्या दिवाळीपतूर गानं तुमचंच. आता ह्ये नगरच्या हापिसातूनच निघंल, अर्ज द्यावा लागंल."

संध्याकाळी मनवाचा फोन आला. ती नेहमी व्हॉट्सॲपवर फोन करायची, म्हणून तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. सगळी हकीकत ऐकून ती इतकी हसली की सरोजिनीबाईंना तिला पाणी प्यायला सांगावं लागलं.

"हसू नकोस," विष्णुपंत म्हणाले. "तिकडची खबर काय? सुश्रुत काही बोलला?"

मनवाचं हसू थांबलं. "बाबा, सुश्रुत म्हणाला की त्याचे बाबा काहीच सांगत नाहीत. फोन समोर ठेवून बसलेत. मध्येच उठतात, फेऱ्या मारतात, परत बसतात. आई काही बोलायला गेली की 'थांब' म्हणतात. त्यालाही टेन्शन आलंय." मग ती हळूच म्हणाली, "मलाही आलंय."

लेकीचा तो शेवटचा शब्द विष्णुपंतांना झोपू देईना. सकाळी साडेसहाला त्यांनी स्वच्छ धोतर नेसलं, काळी टोपी घातली आणि पिशवी उचलली.

"फोन करून जा निदान," सरोजिनीबाई म्हणाल्या. "आता उतावळं दिसायचं राहिलंय काय?"

"त्या यंत्रावर माझा विश्वास नाही. समोर बसून माफी मागतो. नाही म्हणाले तर माझ्या तोंडावर म्हणू देत, मनवाच्या नको."

नगरला गाडी बदलून ते श्रीगोंद्याला उतरले तेव्हा ऊन चढलं होतं. वाटभर ते मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. 'आमच्याकडून प्रमाद घडला' हे फार जड वाटलं. 'गंमत झाली' हे फार हलकं. घोगरगावच्या पुढे त्यांना 'अनवधानानं' हा शब्द सापडला आणि तो विसरू नये म्हणून ते तो पुटपुटत राहिले. शेजारच्या सीटवरचा माणूस दोन थांबे आधीच उतरून गेला.

पाठकांचं घर कारखान्याच्या रस्त्याला होतं. दार रंगनाथरावांनीच उघडलं. विष्णुपंतांना पाहून ते इतके दचकले की त्यांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली पडलं.

"तुम्ही? स्वतः? अहो, फोन करायचा!"

"मुद्दामच नाही केला," विष्णुपंत म्हणाले.

हे ऐकून रंगनाथरावांचा चेहरा पडला. त्यांनी पाहुण्यांना खुर्ची दिली, स्वतः काठावर बसले आणि लगेच उठून पंखा लावला. समोरच्या टीपॉयवर त्यांचा मोबाईल देवासारखा मांडून ठेवला होता. पुष्पावतीबाई पाणी देऊन आतल्या दारात उभ्या राहिल्या.

"अनवधानानं..." विष्णुपंतांनी सुरुवात केली.

"नाही, आधी मी बोलतो," रंगनाथराव म्हणाले. "चूक माझी आहे. सोमवारी कळवतो म्हणालो आणि कळवलं नाही. तीस वर्षांत मी एक शिफ्ट चुकवली नव्हती. पण खरं सांगू? तुम्हाला फोन लावला आणि ते गाणं ऐकलं, आणि माझा धीरच झाला नाही."

विष्णुपंतांनी डोळे मिटले. "मी समजू शकतो."

"रविवारी तुमच्याकडे देवघर, सोवळं, सगळं आमच्यासारखंच वाटलं होतं. म्हटलं, आपल्यासारखी साधी माणसं आहेत. आणि फोनवर बघतो तर विलायती गाणं! एवढ्या वयात, पौरोहित्य करणारा माणूस, आणि इतका आधुनिक. वहिनी इंग्रजीच्या शिक्षिका, मुलगी कंपनीत. मी हिला म्हटलं, आपला कसा निभाव लागायचा? आपल्याकडे अजून भजनाची कॅसेट लागते."

विष्णुपंतांनी डोळे उघडले.

"दुसऱ्यांदा फोन लावला तो हिला ऐकवायला," रंगनाथराव पुढे म्हणाले. "ही म्हणाली, माणसं मोकळी दिसतात, हसतीखेळती. सूनही तशीच असेल. मग तिसऱ्यांदा लावला." ते टीपॉयवरच्या फोनकडे बघू लागले. "तिसऱ्यांदा मी स्टार दाबला."

"काय दाबला?"

"म्हटलं, आपणही काही मागे नाही, एवढं तरी तुम्हाला कळावं. तेव्हापासून वाट बघतोय. म्हटलं, आमचा फोन आलेला दिसला की आज ना उद्या तुम्ही उलट फोन कराल. तुमच्या कानावर गाणं पडेल आणि मग मी होकार देईन. पण तुम्ही फोनच केला नाहीत. मला वाटलं, तुम्हीच नाराज आहात."

विष्णुपंतांनी बसमध्ये जुळवलेलं एकूणएक वाक्य गिळलं. मग खिशातून फोन काढला, चष्मा नाकावर सरकवला आणि काळजीपूर्वक रंगनाथरावांचा नंबर लावला.

दार करकरलं. साखळ्या फरफटल्या. विष्णुपंत मांडीवर हलकेच ताल धरून शेवटपर्यंत ऐकत राहिले. रंगनाथराव त्यांच्या तोंडाकडे असे बघत होते, जणू दहावीचा निकाल लागतोय.

"सुरेख," विष्णुपंत म्हणाले. "तुमच्याकडे जास्त स्वच्छ ऐकू येतं."

रंगनाथरावांचा श्वास सुटला. ते उठले आणि त्यांनी विष्णुपंतांचे दोन्ही हात धरले. "मग आमच्याकडून होकार. दिवस तुम्हीच काढा."

"आता तरी ते बंद करा मग," दारातून पुष्पावतीबाई म्हणाल्या. पदरानं त्या डोळे पुसत होत्या, पण आवाज खणखणीत होता. "घरात हा एकच फोन. मंगळवारपासून दूधवाला फोन करत नाही, माझ्या बहिणीनं काल देवापुढे दिवा लावलाय आमच्या नावानं. होकार झाला ना? झालं तर मग."

रंगनाथराव ओशाळले. विष्णुपंतांच्या जवळ सरकून ते हळूच म्हणाले, "तुम्हाला सवय असेल त्यातली. बंद कसं करतात हो ते?"

विष्णुपंतांनी त्यांच्याकडे बघितलं. आधुनिक म्हणून खोटं मिरवायचं त्यांच्या जिवावर आलं, आणि हा माणूस आता घरचा झाला होता.

"मी काल तेच करायला गेलो होतो, रंगनाथराव," ते म्हणाले. "ते आता वर्षभराचं झालंय."

रंगनाथरावांना कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर ते खुर्चीत मागे रेलले आणि तोंडातून आवाज न काढता इतका वेळ हसत राहिले, की पुष्पावतीबाई गुळाचा खडा आणायला गेल्या होत्या त्या तशाच परत आल्या.

थोड्या वेळानं विष्णुपंतांनी घरी फोन लावला. सरोजिनीबाई तिकडे फोन हातातच घेऊन बसल्या असाव्यात. पहिल्याच रिंगला आवाज आला, "बोला. काय झालं?"

"जमलं."

पलीकडे सरोजिनीबाईंनी नाक ओढलं. "आणि त्या गाण्याचं काय सांगितलंत त्यांना?"

विष्णुपंतांनी समोर चष्मा लावून मोबाईलशी झटापट करत बसलेल्या आपल्या व्याह्यांकडे पाहिलं.

"त्याचं काही सांगावं लागलं नाही," ते म्हणाले. "ते आपल्या आधीच जमलं होतं."